सात तारखेचा पगार आणि तीन ॲप : सोलापुरातल्या एका घराचा हिशोब

आधी एक सांगून ठेवतो. हे घर एकच नाही. अक्कलकोट रोडची एमआयडीसी आणि पूर्व भागातल्या गल्ल्यांमधून वरचेवर ऐकू येणाऱ्या गोष्टी एका घरात आणून हे प्रकरण बांधलं आहे. म्हणून कोणाचं नाव नाही, कंपनीचं नाही, ॲपचंही नाही. आकडे मात्र एकमेकांशी जुळवून घेतले आहेत. कागद-पेन घेऊन तपासले तरी चालतील.

घर असं. नवरा टॉवेल कारखान्यात सुपरवायझर. एकूण पगार २४,०००. पीएफचे १,८०० आणि व्यवसायकराचे २०० कापून हातात २२,०००. बायको घरी विड्या वळते, आठवड्याला सरासरी १,१०० मिळतात. दोन मुलं शाळेत, म्हातारी आई घरात. घरभाडं ५,०००, किराणा ६,०००, गाडीचा हप्ता २,६५०, शाळा आणि मुलांची रिक्षा २,४००, दूध-भाजी-गॅस ३,२००, लाइट आणि मोबाइल १,४५०, आईची औषधं १,१००. बेरीज २१,८००. म्हणजे पगार आला आणि गेला. बायकोच्या ४,४०० पैकी २,००० गल्लीतल्या भिशीत, उरलेले सणवार, पाहुणेरावळे आणि चपला तुटल्या की चपला.

हे गणित इतकी वर्षं चाललं ते ओव्हरटाइमवर. महिन्याला साडेतीन-चार हजार वरचे यायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि निर्यातीच्या टॉवेलवर चालणाऱ्या कारखान्यांच्या ऑर्डरी आखडल्या. नोकरी गेली नाही, ओव्हरटाइम गेला. बाहेरून बघणाऱ्याला यात काही घडलंय असं वाटत नाही, आणि म्हणूनच घरातही कोणी खर्चाचा कागद काढला नाही.

ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर, आई मोरीत घसरली. मनगट मोडलं. इथे एक बारीक गोष्ट आड आली. ईएसआयची, म्हणजे कामगार विमा योजनेची, पगारमर्यादा २०१७ पासून महिना २१,००० आहे. याचा पगार २४,०००, म्हणजे विमा दवाखाना बंद. तीन हजारांनी जास्त कमावणारा माणूस आजारपणात कमी कमावणाऱ्यापेक्षा उघडा पडतो. सिव्हिलला गेले असते तर थोडक्यात भागलं असतं, असं नंतर सगळेच म्हणाले. रात्री अकरा वाजता आई कण्हत असताना मनात असले हिशोब येत नाहीत. खाजगी दवाखान्याचं बिल १३,०००.

कारखान्यातल्या एकाने मोबाइलवर ॲप दाखवलं. आधार, पॅन, पगाराच्या खात्याचं स्टेटमेंट, एक सेल्फी. वीस मिनिटांत पैसे खात्यात.

पंधरा हजारांचं कर्ज किती रुपयांचं होतं

मंजूर १५,०००. प्रोसेसिंग फी दहा टक्के म्हणजे १,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी २७०. हातात आले १३,२३०. व्याज दिवसाला एक टक्का, मुदत ३० दिवस, म्हणजे ४,५००. पगाराच्या दिवशी एकरकमी १९,५०० परत.

त्याने 'एक टक्का' एवढंच ऐकलं होतं. बचत गटात शेकडा दोन चालतो, मग एक म्हणजे स्वस्तच की! बचत गटाचे दोन टक्के महिन्याचे असतात आणि हा एक टक्का रोजचा, हे लक्षात यायला महिना जावा लागला. हातात आलेल्या १३,२३० वर महिन्याभरात ६,२७० जास्त, म्हणजे महिन्याला ४७ टक्क्यांच्या वर. वर्षाच्या भाषेत साडेपाचशे टक्क्यांहून अधिक. हा वार्षिक आकडा कर्ज देण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाच्या कागदात सगळे आकार धरून दाखवणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. तो कागद त्यालाही आला होता, ईमेलवर. उघडलेला नव्हता.

तरीही माझ्या मते खरा घात व्याजाच्या दराने झाला नाही. घात झाला तो सगळी रक्कम एकाच पगारातून परत द्यायची या अटीने. ज्याच्या घरात महिनाअखेरीला दोनशे रुपये उरतात, त्याच्याकडून पुढच्या सात तारखेला १९,५०० काढले तर त्या महिन्याचं घर कशावर चालणार? पुन्हा कर्जावरच. व्याज शून्य असतं तरी १५,००० चा खड्डा पडलाच असता. मध्यमवर्गीय सल्लागार अशा वेळी 'गरज नसताना कर्ज कशाला' म्हणून मोकळे होतात. इथे गरज होती. कर्जाचा आकार त्या गरजेला बसणारा नव्हता.

नोव्हेंबरच्या सात तारखेला सकाळी पगाराचा मेसेज आला आणि पाठोपाठ १९,५०० वजा झाल्याचा. ऑटो डेबिटचं मँडेट, म्हणजे खात्यातून रक्कम आपोआप कापून घ्यायची परवानगी, त्याने कर्ज घेतानाच दिली होती. खात्यात उरले २,५००. दुपारी त्याच ॲपवरून पुन्हा १५,००० घेतले, पुन्हा हातात १३,२३०. घरखर्चाला सहा हजार कमी पडत होते, म्हणून दुसऱ्या ॲपवरून ८,०००. तिथेही तीच फी, हातात ७,०५६, परतफेड १०,४००.

डिसेंबरला दोन्ही मिळून देणं २९,९०० आणि पगार २२,०००. पहिल्याचे १९,५०० आपोआप गेले. दुसऱ्याने 'फक्त व्याज भरा, महिनाभर मुदतवाढ घ्या' म्हटलं, तिथे २,४०० भरले. पगारातले १०० रुपये उरले. पहिल्याकडून तिसऱ्यांदा १५,०००. एका दोस्ताकडून ३,००० उसने. आणि फेसबुकवर जाहिरात बघून तिसरं ॲप. त्याने ५,००० मंजूर करून ३,००० हातात टेकवले आणि सातव्या दिवशी पूर्ण ५,००० मागितले.

जानेवारी उजाडला तेव्हा देणं असं होतं: पहिलं ॲप १९,५००, दुसरं १०,४००, तिसरं दंड धरून ७,०००, दोस्त ३,०००. एकूण ३९,९००. पहिल्या ॲपला तोवर दोनदा मिळून १२,५४० रुपये नुसते फी आणि व्याजापोटी गेले होते आणि मुद्दल जिथल्या तिथे. दवाखान्याचं बिल होतं १३,०००.

घरात कळलं कसं

तिसऱ्या ॲपने फोनमधले सगळे नंबर उचलले होते. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात बायकोच्या माहेरी एक मेसेज गेला: 'ही व्यक्ती फ्रॉड आहे, तुमचा नंबर जामीन म्हणून दिला आहे.' सोबत त्याच्या सेल्फीवर लाल अक्षरांत शिवी. तो बायकोच्या मामांनी पाहिला. मामा पतसंस्थेत तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले, वसुलीच्या टेबलावरही बसलेले. ते दुसऱ्या दिवशी सकाळी साखर पेठेतून चालत आले. चहा होईपर्यंत काही बोलले नाहीत. मग मुलाची वही मागून घेतली.

"जावईबापू, बोंबलणाऱ्याला आधी द्यायचं नसतं. ज्याचं न दिल्याने घर मोडेल त्याला आधी. लिहा."

वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी तीन ओळी आखल्या. वरच्या ओळीत भाडं, किराणा, लाइट, औषधं, शाळा. मधल्या ओळीत गाडीचा हप्ता. गाडी तारण आहे, थकली तर ओढून नेतील, आणि गाडीशिवाय एमआयडीसीत वेळेवर पोचणं अवघड. तिन्ही ॲप खालच्या ओळीत. तिथे तारण काही नाही. आवाज मोठा, हातात थोडं. दोस्ताचे ३,००० मामांनी बाजूला लिहिले. तिथे व्याज नाही, पण माणूस आहे.

जावयाचा जीव अडकला होता तो तळच्या ओळीत, कारण दिवसाला चाळीस फोन तिथूनच येत होते.

पुढचा हिशोब बायकोने केला. दोघांचं मिळून २६,४००, खर्च २१,८००, भिशीचे २,००० बाजूला काढले तर उरतात २,६००. भिशी सोडावी का यावर थोडी वादावादी झाली. ती ठाम राहिली: "भिशी मोडली तर पुढच्या आजारपणाला पुन्हा मोबाइलच." म्हणजे महिन्याला द्यायची ताकद २,६००. देणं ३९,९००. हा फरक पगाराच्या दिवशी चमत्काराने भरून निघणार नव्हता, हे चौघांनी एकदा मोठ्याने मान्य केलं. आई खाटेवरून ऐकतच होती.

सावकाराचा पर्यायही त्याच दिवशी आला. शेजारच्याने सुचवला: "दहा टक्क्यानं देतो बे, आत्ता संध्याकाळी." आकड्यात पाहिलं तर महिना दहा टक्के ॲपच्या ४७ पेक्षा कितीतरी स्वस्त. जावयाचे डोळे चमकले. मामांनी विचारलं, ठेवून काय घेतो? कोरा चेक, कोरा स्टॅम्पपेपर आणि गाडीचं आरसी बुक. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवान्याशिवाय हा धंदा करणं गुन्हा आहे. परवानाधारकालाही बिगरशेती विनातारण कर्जाला वर्षाला १८ टक्क्यांच्या वर जाता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे होते. पण कोऱ्या स्टॅम्पवर सही करून मग तक्रारीला जाण्यापेक्षा सही न करणं सोपं. ॲप बदनामी करतं, सावकार गाडी नेतो. पहिल्यातून माणूस सावरतो, दुसऱ्यात कामावर पोचत नाही.

खातं, मँडेट आणि बाऊन्स

पहिलं काम पगार वाचवण्याचं. दुसऱ्या बँकेत साधं बचत खातं उघडलं आणि कारखान्याच्या अकाउंटंटकडे अर्ज दिला. जानेवारीचा पगार नव्या खात्यावर आला. यूपीआयवरचं ऑटोपे त्याने ॲपमध्ये जाऊन स्वतः रद्द केलं. बँक खात्यावरचं एनॅच मँडेट रद्द करायला जुन्या बँकेच्या शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घेतली. अर्जावर काम होईपर्यंत पहिल्या ॲपचं डेबिट एकदा लागलंच, खात्यात पैसे नव्हते, बाऊन्स झालं. बँकेचे जीएसटीसह ५९०, कर्ज कंपनीचे ५००. मिळून १,०९० गेले.

यावर मतभेद होऊ शकतात. काही जण याला पळवाट म्हणतील. मला ती पळवाट वाटत नाही, कारण त्याच्या आधी, दोन तारखेला, कंपनीला लेखी कळवलं होतं की पूर्ण रक्कम देता येत नाही, हप्ते देतो. देणं नाकारलं नव्हतं. भाकरीच्या आधी हप्ता कापला जाण्याला नकार दिला होता.

पण यात एक धोका खरा आहे आणि तो सांगायलाच हवा. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ इलेक्ट्रॉनिक डेबिट पैशांअभावी परत गेल्यावर लागू होऊ शकतं, चेक बाऊन्सच्या कलम १३८ सारखंच. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र त्यासाठी कंपनीने आधी ठरलेल्या मुदतीत लेखी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस असतात. म्हणून मामांचा नियम असा: पोस्टाने आलेलं प्रत्येक पाकीट त्याच दिवशी फोडायचं, तारीख लिहून ठेवायची, आणि अशी नोटीस असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्नवाल्यांना तिथे वकील फुकट मिळतो.

व्हॉट्सॲपवर सिंहमुद्रा छापून येणाऱ्या 'अटक वॉरंट'चं तसं नाही. कर्ज थकलं म्हणून पोलीस दारात येत नाहीत. थकलेलं कर्ज हा दिवाणी मामला आहे. दुसऱ्या ॲपकडून असं एक 'वॉरंट' आलं, त्यात सोलापूरचं स्पेलिंगही चुकलं होतं. बायकोने ते स्क्रीनशॉट घेऊन 'पुरावा' नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं. तो फोल्डर पुढे कामाला आला.

तीन ॲप, तीन वाटा

तिन्हींना एकाच मापाने मोजायचं नाही, ही मामांची दुसरी गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत वित्तसंस्थांची यादी आहे, आणि जुलै २०२५ पासून कर्ज देणाऱ्या ॲपचीही यादी तिथे पाहता येते. पहिल्या दोन ॲपमागच्या कंपन्या यादीत सापडल्या. तिसऱ्याच्या मागे कोण, ते ॲपमध्येही लिहिलेलं नव्हतं.

तिसऱ्यापासून सुरुवात केली. नियमाप्रमाणे कर्जाच्या ॲपला फोनमधले नंबर, फोटो, कॉलची यादी यांना हात लावता येत नाही. इथे तर त्यांचाच वापर झाला होता. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार, मग स्क्रीनशॉटचे प्रिंट घेऊन शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात. पुरावे साठवून झाल्यावरच ॲप काढून टाकलं. सगळ्या ओळखीच्यांना एक मेसेज: 'माझ्या नावाने घाणेरडे फोटो किंवा मेसेज येतील. पोलिसांत तक्रार दिली आहे. कोणीही पैसे भरू नका.'

या सगळ्यात अवघड होतं ते कारखान्यात जाऊन सांगणं. मालकांच्या फोनवर फोटो जाण्याआधी आपण जावं, असं मामांचं म्हणणं. जावई दोन दिवस टाळत राहिला. तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेला, उभ्यानेच सगळं सांगितलं. मालकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मलाबी आला की तो फोटो परवा. मी काढून टाकला. तू मशीनकडं बघ, मोबाइलकडं नको." ॲडव्हान्स काही दिला नाही. मागितलाही नव्हता. पण त्या दिवसानंतर तिसऱ्या ॲपच्या हातातलं हत्यारच बोथट झालं. घर आणि नोकरी, दोन्हीकडे आधीच माहीत असेल तर बदनामीची धमकी द्यायची कोणाला? नव्या नंबरांवरून मेसेज बरेच दिवस येत राहिले. त्यांनी पाठवलेल्या कुठल्याही क्यूआर कोडवर पैसे भरले नाहीत. नोंदणीकृत कर्जदात्याची परतफेड थेट त्याच्याच खात्यात व्हावी लागते आणि इथे तर खातं दर वेळी वेगळ्या माणसाच्या नावाचं.

पहिल्या कंपनीची वाट कागदाची. दोन तारखेच्या ईमेलचा मजकूर मामांनी सांगितला, बायकोने टाइप केला:

'कर्ज क्रमांक अमुक. माझा हातात येणारा पगार २२,००० असून ओव्हरटाइम बंद झाला आहे. उत्पन्न-खर्चाचा तक्ता आणि पगारपत्रक सोबत जोडले आहे. एकरकमी १९,५०० भरणे मला शक्य नाही. कर्ज मला मान्य आहे. दरमहा १० तारखेला २,५०० रुपये देण्याची तयारी आहे. कृपया रोजचे व्याज थांबवून हप्ते बांधून द्यावेत आणि आजवरचा पूर्ण खातेउतारा पाठवावा. पुढील संपर्क लेखी करावा. कारखान्यातील सहकाऱ्यांना फोन करू नये.'

ईमेल तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या पत्त्यावर गेला. तो पत्ता त्या न उघडलेल्या की फॅक्ट स्टेटमेंटमध्येच होता. 'कर्ज मला मान्य आहे' हे वाक्य मामांनी मुद्दाम घातलं. पळून जाणाऱ्यात आणि अडचणीत असलेल्यात फरक दिसावा म्हणून.

उत्तर आलं ते यंत्राचं. मग एका मुलीचा गोड आवाजातला फोन: "सर, आज फक्त ४,५०० भरा, महिनाभर टेन्शन नाही." चार हजार पाचशे म्हणजे पुन्हा नुसतं व्याज, १५,००० मधला एक रुपया कमी होणार नाही. नाही म्हटलं. जानेवारीचे २,५०० सुद्धा तुकड्याने भरले नाहीत, कारण ठराव नसताना भरलेले पैसे आधी दंडात आणि व्याजात जिरतात. ते नव्या खात्यात पडून राहिले. दोस्ताला वेगळं जाऊन सांगितलं, तो म्हणाला, "राहू दे की बे, पळून चाललाय व्हय?"

खातेउतारा आला तेव्हा त्यात डिसेंबरची एक फी दिसली, जी की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये नव्हती. त्या कागदात नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. शिवाय दंड मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज धरलं होतं. तेही रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या परिपत्रकाने बंद केलेलं. आणि फोन रात्री नऊला येत होते. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही, तेव्हा ही तिन्ही कारणं तारखा आणि स्क्रीनशॉटसह रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन टाकली. फी लागत नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीकडे तक्रार केल्याचा पुरावा मात्र लागतो, आणि बहुतेकांची तक्रार तिथेच अडते, कारण ते सगळं भांडण फोनवर करतात.

तक्रार क्रमांक गेल्यावर आठवड्याभरात कंपनीचाच फोन आला, या वेळी हुद्दा असलेल्या माणसाचा. घासाघीस झाली. १६,५०० वर सौदा ठरला, सहा हप्ते, दर महिना २,७५०, फेब्रुवारीपासून, पुढे व्याज नाही. २,६०० च्या ताकदीत १५० कमी पडत होते, तेवढे मोबाइलच्या रिचार्जमधून काढले. पत्र ईमेलवर आल्याशिवाय पहिला हप्ता भरला नाही.

दुसऱ्या कंपनीने कसलंही पत्र मनावर घेतलं नाही. फेब्रुवारीत एका संध्याकाळी साडेआठला दोघं जण दारात. योगायोगाने मामा जेवायला आले होते.

"ओळखपत्र? कंपनीचं पत्र?"

एकाने गळ्यातलं कार्ड दाखवलं, पत्र नव्हतं. "काका, तुम्ही कशाला मध्ये पडता?"

"मी घरात बसलोय. वेळ संपल्यावर आलात तुम्ही. नाव सांगा, लिहून घेतो."

मग सूर बदलला. आत्ता तीन हजार द्या, मी वर सांगून मिटवतो, असं म्हणत त्याने स्वतःच्या फोनवरचा क्यूआर पुढे केला. नशीब, बायकोने तोवर पैसे काढले नव्हते. एजंटच्या खात्यात गेलेले पैसे कर्जात जमा झाल्याचं सिद्ध करणं म्हणजे नवं भांडण. नाव, वेळ, दोन वाक्यं, त्याच रात्री कंपनीला ईमेल.

हे कर्ज शेवटी मिटलं ते भिशीमुळे. दहा बायका, २,००० प्रमाणे २०,००० ची भिशी. तिचा नंबर मे महिन्यात होता. मार्चचा नंबर असलेल्या शेजारणीला तेव्हा घाई नव्हती, दोघींनी अदलाबदल केली. हातात रोख आहे म्हटल्यावर कंपनीची भाषा मऊ झाली. मागणी १४,००० च्या आसपास गेली होती, ९,२०० एकरकमीवर मिटलं. इथेही आधी ईमेल, मग कंपनीच्या खात्यात पैसे, मग 'काही देणं नाही'चं पत्र.

उरलेल्या १०,८०० मधून पहिल्या कंपनीचे हप्ते एकदम मिटवून टाकू, असं जावयाला वाटत होतं. मामा नको म्हणाले, आणि मला ते पटतं. त्या हप्त्यांवर आता व्याज नाही, घाई कशाची? जूनमध्ये शाळेची फी आहे, हातात रोख नसेल तर पुन्हा तेच ॲप. किराणावाल्याची उधारी फेडली, जानेवारीच्या २,५०० मध्ये ५०० घालून दोस्ताचे ३,००० दिले, बाकी फीसाठी ठेवले. बायकोचं गंठण या सगळ्यात कपाटातच राहिलं. सोनेतारण वर्षाला दहा-बारा टक्क्यांनी मिळतं आणि ॲपपेक्षा लाखपटीने बरं, यात वाद नाही; पण विनातारण कर्ज फेडायला तारण देणं हा पर्याय भिशी आणि वाटाघाटी दोन्ही फसल्यावरच घ्यावा, यावर घरात एकमत होतं.

किंमत मोजावी लागली ती सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर. दोन्ही कर्जं 'सेटल्ड' म्हणून नोंदली जाणार, पूर्ण फेडून बंद झालेली म्हणून नाहीत. पुढची काही वर्षं बँकेत कर्ज मागायला गेलं की हा शेरा आड येईल. हे पत्रावर सही करण्याआधीच कळलेलं होतं. घर घ्यायचा विचार जवळ असता तर मी कदाचित उलटा सल्ला दिला असता: जास्त महिने लागोत, पण पूर्ण रक्कम भरून खातं बंद करून घ्या.

पहिल्या कंपनीचा शेवटचा हप्ता जुलैच्या दहा तारखेचा. त्यानंतर 'काही देणं नाही'चं पत्र मागायचं, महिनाभराने सिबिलचा वर्षातून एकदा फुकट मिळणारा पूर्ण अहवाल काढायचा आणि थकबाकी शून्य दिसते का ते पाहायचं. चूक असेल तर तक्रार करायची; ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. तारीख बायकोने वहीच्या त्याच पानावर लिहून ठेवली आहे, शाळेच्या फीच्या तारखेखाली.